पिल्लांचा दाणा : घरचा, सेंद्रिय की थैलीतला?



सोलापूर जिल्ह्यात गावोगावी पाच-दहा कोंबड्या पाळणारी घरे पुष्कळ आहेत. या कोंबड्या बहुधा आईच्या नाहीतर आजीच्या असतात, आणि अंड्यांचे चार पैसे वह्या-पुस्तकांना, मिठामिरचीला उपयोगी पडतात. अशा घरात हौसेने पंचवीस पिल्ले आणावीत आणि महिन्याभरात त्यांतली निम्मी जावीत, तर ते नुकसान लहान नसते. पिल्ले मरण्याची कारणे अनेक आहेत. थंडी, रोग, मांजर, मुंगूस ही आपल्याला चटकन सुचतात. पण एक कारण घरातल्या डब्यातच असते आणि म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नाही. ते कारण म्हणजे दाणा.

पिल्लांना काय घालावे, यावर तीन मते ऐकू येतात. एक म्हणतो, "कंपनीच्या खाद्यात औषधे असतात, आपली ज्वारीची कणीच बरी." दुसरा म्हणतो, "कणीवर पिल्ले वाढत नाहीत, थैली आणा." तिसरा म्हणतो, "सेंद्रिय खाद्य महाग पडेल, पण ते निर्धोक." तिघांच्याही म्हणण्यात काही तथ्य आहे. कोणाच्या म्हणण्यात किती, हे ठरवायला वजनकाटा आणि त्रैराशिक एवढे पुरते. मी भौतिकशास्त्र शिकवतो, तेव्हा हा प्रश्नही आपण मोजमापानेच सोडवू या.

पिल्लाचा जमाखर्च

नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लाचे वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम असते. अंड्यातल्या बलकाचा उरलेला भाग त्याच्या पोटात ओढून घेतलेला असतो. त्या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस तग धरू शकते. एक दिवसाची पिल्ले खोक्यात घालून दूरच्या गावी पाठवता येतात ती यामुळेच. शिदोरी संपली की मात्र सारी भिस्त दाण्यावर.

आपण सोयीसाठी ४० ग्रॅमचे पिल्लू घेऊ आणि त्याची तुलना १,६०० ग्रॅमच्या कोंबडीशी करू. वजन ४० पट आहे. पृष्ठभाग मात्र ४० पट नसतो. आकार सारखाच राहून वस्तू मोठी होते तेव्हा पृष्ठभाग वजनाच्या दोन-तृतीयांश घाताने वाढतो. म्हणजे कोंबडीचा पृष्ठभाग पिल्लाच्या सुमारे १२ पटच भरेल. याचा अर्थ असा, की दर ग्रॅम वजनामागे पिल्लाचा पृष्ठभाग कोंबडीच्या जवळजवळ साडेतीन पट असतो. उष्णता जाते ती पृष्ठभागातून. त्यातून पिल्लाच्या अंगावर पिसे नसतात, नुसती लव असते. म्हणूनच पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते आणि पुढे ती दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करता येते. सोलापूरच्या डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेचा गारठा तुम्हाला ठाऊक आहेच. खोक्यात ऊब नसेल, तर खाल्लेला दाणा अंग तापवण्यातच जळून जातो. (ऊब देण्यासाठी दिवा लावायचा तर तो जुन्या पद्धतीचा, तारेचा असावा. एलईडी दिवा प्रकाश चांगला देतो, पण तो कमी वीज घेत असल्याने उष्णता फारच थोडी देतो.)

आता जमेची बाजू पाहू. पहिल्या आठवड्यात पिल्लू दिवसाला साधारण १० ग्रॅम खाद्य खाते. चांगल्या खाद्यातून किलोमागे सुमारे २,८०० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे १० ग्रॅमला २८ किलोकॅलरी, अर्थात ११७ किलोजूल. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागा. उत्तर येते १.३५ वॉट! चिवचिवणारे पिल्लू म्हणजे सव्वा-दीड वॉटचे यंत्र आहे. यातली काही ऊर्जा अंग वाढवण्यात साठते, बाकीची उष्णता होऊन बाहेर पडते.

ऊर्जेच्या बाबतीत ज्वारी काही कमी नाही. अडचण आहे ती प्रथिनांची. या वयात पिल्लू दिवसाला चार-पाच ग्रॅमनी वाढते. त्या वाढीत पाणी बरेच असते, पण पाऊण-एक ग्रॅम तरी शुद्ध प्रथिन असते. स्नायू, रक्त, पिसे सगळी त्याचीच. ज्वारीत प्रथिने शेकडा १० च्या आसपास. म्हणजे १० ग्रॅम ज्वारीतून १ ग्रॅम प्रथिन मिळाले. त्यातले सगळे पचत नाही, पचलेले सगळे अंगी लागत नाही. हिशेब जुळत नाही हे तुमच्या ध्यानात आले असेलच. मग पिल्लाने दुप्पट ज्वारी खावी की! पण ते तसे करीत नाही. ऊर्जेची गरज भागली की पक्षी खाणे थांबवतो. पिल्लाचे पोट भरलेले दिसते आणि अंग मात्र उपाशी राहते. म्हणूनच अंडी देणाऱ्या जातीच्या पिल्लांच्या खाद्यात पहिले आठ आठवडे शेकडा २० च्या सुमारास प्रथिने असावीत असे प्रमाण मानले जाते.

आजीची पिल्ले कशी जगत?

इथे तुम्ही विचाराल, "आमची आजी तर जन्मभर कणीच टाकीत आली. तिची पिल्ले कशी वाढली?" प्रश्न रास्त आहे. आजीची पिल्ले कोंबडीच्या मागून हिंडत. कोंबडी उकिरडा उकरी, वाळवी, अळ्या, किडे दाखवी आणि विशिष्ट आवाज काढून पिल्लांना बोलावी. किड्यांत प्रथिने भरपूर. शिवाय कोवळा पाला, खडे, सकाळचे ऊन हेही फुकट मिळे. कणी हा त्या जेवणातला फक्त भाकरीचा भाग होता, कालवण पिल्ले अंगणात मिळवीत होती.

आज अनेक घरी येणारी पिल्ले उबवणी यंत्रातली असतात. त्यांच्यामागे आई नसते आणि ती बंद खोक्यात किंवा फरशीवर वाढतात. त्यांना नुसती कणी देणे म्हणजे आजीची अर्धीच पद्धत पाळणे होय. कालवण कुठून तरी आणावे लागेल.

चौकोनाचे गणित

प्रथिने वाढवायला आपल्याकडे पेंडी आहेत. सोयाबीनची तेल काढलेली पेंड, जिला बाजारात डीओसी म्हणतात, तिच्यात शेकडा ४५ च्या सुमारास प्रथिने असतात. ज्वारीत १०. आपल्याला हवीत २०. मिश्रण कसे करायचे?

एक चौकोन काढा. डाव्या वरच्या कोपऱ्यात १० (ज्वारी) लिहा, डाव्या खालच्या कोपऱ्यात ४५ (पेंड) लिहा आणि मधोमध २० लिहा. आता तिरकी वजाबाकी करा. ४५ वजा २० बरोबर २५. हा आकडा ज्वारीसमोर, उजव्या वरच्या कोपऱ्यात. २० वजा १० बरोबर १०. हा पेंडीसमोर. म्हणजे २५ भाग ज्वारी आणि १० भाग पेंड, अर्थात ५ किलोला २ किलो. पडताळा घ्या. ५ किलो ज्वारीत ५०० ग्रॅम आणि २ किलो पेंडीत ९०० ग्रॅम, मिळून ७ किलोत १,४०० ग्रॅम प्रथिन. बरोबर शेकडा २०. दोन तीव्रतांची द्रावणे मिसळून तिसरी करण्याचे जे गणित तुम्ही शाळेत करता, तेच हे.

एक सावधगिरी. सोयाबीन कच्चे कधीही देऊ नये. त्यात प्रथिनांचे पचन अडवणारा पदार्थ असतो आणि तो योग्य उष्णतेनेच निकामी होतो. नीट भाजलेले सोयाबीन किंवा तयार पेंडच वापरावी.

ज्वारीच्या बाबतीत मात्र आपला जिल्हा नशीबवान आहे. मालदांडी ज्वारीतून मोहोळ येथे १९३० च्या दशकात निवडलेला 'एम ३५-१' हा वाण इथल्या रब्बीत आजही घेतला जातो. पांढऱ्या, टपोऱ्या दाण्याच्या या ज्वारीत टॅनिन फार कमी. काही तांबड्या-तपकिरी ज्वाऱ्यांत ते जास्त असते आणि प्रथिनांच्या पचनात अडथळा आणते.

चादरीतला तांबडा धागा

शेकडा २० प्रथिने झाली, आता काम संपले असे वाटेल. पण प्रथिन हा एकच पदार्थ नव्हे. ते सुमारे वीस प्रकारच्या अमायनो आम्लांचे विणकाम आहे. सोलापुरी चादरीचे उदाहरण घ्या. मागावर पांढरे, निळे, हिरवे सूत ढीगभर आहे आणि तांबडे मात्र चार चादरींपुरतेच. तर नक्षीच्या चादरी चारच निघतील. बाकीचे सूत पडून राहील. प्रथिनांचेही तसेच. जे अमायनो आम्ल सर्वांत अपुरे, ते वाढीची मर्यादा ठरवते. उरलेली आम्ले शरीर साठवून ठेवू शकत नाही. ती मोडून जाळली जातात आणि त्यांतला नायट्रोजन विष्ठेतून बाहेर पडतो. खुराड्यात डोळे चुरचुरवणारा जो अमोनियाचा वास येतो तो याच नायट्रोजनाचा.

ज्वारीत लायसिन हे आम्ल कमी असते. सोयाबीनमध्ये ते भरपूर, म्हणून ही जोडी चांगली जमते. वरणात भात किंवा भाकरी कालवण्यामागेही हेच तत्त्व आहे. पण मेथिओनिन नावाचे गंधकयुक्त आम्ल दोहोंतही बेताचेच. पिल्लाला पिसे फुटत असतात आणि पिसांना गंधकयुक्त आम्ले फार लागतात. आपल्या ५:२ मिश्रणात मेथिओनिन सुमारे ०.३ टक्के भरते. गरज असते सुमारे ०.४ टक्क्यांची. फरक ०.१ टक्का, म्हणजे किलोमागे एक ग्रॅम!

एका ग्रॅमचा वाद

मित्रांनो, कारखान्याचे खाद्य आणि सेंद्रिय खाद्य यांच्यातल्या वादाचा एक मोठा भाग या एका ग्रॅमभोवती फिरतो. कारखानदार हा एक ग्रॅम रासायनिक रीतीने बनवलेले मेथिओनिन मिसळून भरून काढतो. सेंद्रियच्या नियमावल्यांत सहसा अशी शुद्ध अमायनो आम्ले चालत नाहीत. अमेरिकेने त्यातून मर्यादित सूट दिली आहे, युरोपीय संघाने कृत्रिम अमायनो आम्ले वर्ज्य मानली आहेत. सेंद्रिय नियमांना रसायनाने तेल काढलेली पेंडही चालत नाही, घाण्याची लागते. जनुक बदललेल्या पिकांचे उत्पादनही चालत नाही. आपल्याकडे २००२ पासून बीटी कापूस आहे, त्याच्या सरकीची पेंड सेंद्रिय म्हणता येणार नाही. (सरकीत गॉसिपॉल नावाचा घातक पदार्थही असतो, त्यामुळे पिल्लांना ती न दिलेलीच बरी.)

मग सेंद्रिय खाद्य करणाऱ्याने तो ग्रॅम कुठून आणावा? तिळाच्या पेंडीत मेथिओनिन चांगले असते. पण सोयाबीन कमी करून तीळ वाढवला की लायसिन उणे पडते. एक धागा पुरवला तर दुसरा तुटतो! सुकट किंवा मासळीच्या कुटीत दोन्ही आम्ले असतात, पण खारवलेली मासळी जास्त झाली तर पिल्लांना मीठ बाधते. खाद्यात एकूण मीठ अर्ध्या टक्क्याच्या आत ठेवावे लागते. तिसरा मार्ग म्हणजे एकूण प्रथिनेच वाढवणे. त्याने मेथिओनिन भरते, पण जास्तीचा नायट्रोजन वाया जातो आणि खर्चही वाढतो. चौथा मार्ग आजीचा : पिल्ले जरा मोठी झाली की आवारात सोडणे आणि किड्यांचा वाटा त्यांना मिळू देणे.

रेणूच्या दृष्टीने पाहिले तर पेशीला मेथिओनिनचा जन्म तिळात झाला की कारखान्यात, हे ओळखता येत नाही. कारखान्यात उजव्या आणि डाव्या घडणीच्या रेणूंचे मिश्रण तयार होते. कोंबडीचे शरीर नको त्या घडणीचे हव्या घडणीत रूपांतर करून घेते. तेव्हा "कृत्रिम म्हणून विषारी" हे खरे नाही. पण सेंद्रिय शेतीचा आग्रह केवळ रेणूपुरता नसतो. जमिनीवर कोणती खते पडली, कोणती कीटकनाशके फवारली, पक्षी मोकळे फिरले की कोंडले गेले, हे प्रश्न ती विचारते आणि ते प्रश्न महत्त्वाचे आहेत. आपल्या देशात २००१ पासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम चालू आहे आणि त्याचे प्रमाणपत्र या प्रश्नांची उत्तरे तपासून दिले जाते.

लक्षात ठेवा, 'सेंद्रिय' हा शब्द दाण्याचा इतिहास सांगतो, त्यातली प्रथिने सांगत नाही. सेंद्रिय ज्वारीतही प्रथिने शेकडा १० च असतात. थैलीवरचा तक्ता प्रथिने सांगतो, इतिहास सांगत नाही. दोन वेगळ्या प्रश्नांची ही दोन उत्तरे आहेत. ती एकमेकांच्या जागी वापरली की फसगत होते.

नैसर्गिक तेवढे निर्धोक?

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधीत मेले. रोग कोणता ते कळेना. शोधाअंती दोष निघाला तो खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीत. तिच्यावर वाढलेल्या बुरशीने एक जहाल विष तयार केले होते. त्याला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव पडले. कोणी मिसळले नव्हते, निसर्गानेच बनवले होते. घरी पावसाळ्यात दमट पोत्यात ठेवलेली शेंगदाण्याची पेंड किंवा मका याच बुरशीला आमंत्रण देतो. कुबट वास, हिरवट-काळी बुरशी, गोळे झालेला दाणा दिसला की तो "कोंबड्यांना चालतो" असे म्हणू नका. त्यांना तर तो मुळीच चालत नाही.

दुसरी गोष्ट जावा बेटावरची. १८९० च्या दशकात क्रिस्तियान आइकमान या डच वैद्याने पाहिले, की सडलेला पांढरा भात खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि असडीक तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. कोंड्यात असे काही होते की ज्यावाचून शरीर चालत नव्हते. ते म्हणजे आज आपण ज्याला ब-१ जीवनसत्त्व म्हणतो ते. या शोधाबद्दल आइकमान यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. बाजारातली पांढरी तांदळाची कणी पिल्लांना घालणाऱ्यांनी ही गोष्ट आठवावी. पांढऱ्या ज्वारीत अ जीवनसत्त्वही जवळजवळ नसते. पिवळा मका, बारीक चिरलेला शेवग्याचा पाला, मेथी किंवा लसूणघास यांतून ते मिळू शकते. ड जीवनसत्त्वासाठी कोवळे ऊन लागते, पण खिडकीच्या काचेतून आलेले नव्हे. काच त्यासाठी लागणारे अतिनील किरण अडवते. ब-१२ वनस्पतींत नसतेच, ते मासळीतून किंवा तयार मिश्रणातून द्यावे लागते.

थैली वाचायला शिका

आता कारखान्याच्या खाद्याकडेही तितक्याच चिकित्सेने पाहू. त्याचा मोठा गुण म्हणजे प्रत्येक घासात सारखे प्रमाण. दोष नसतात असे नाही. पक्षी लवकर वाढावेत म्हणून खाद्यात प्रतिजैविके मिसळण्याची प्रथा जगभर होती. त्यामुळे औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात आणि ते माणसांनाही उपद्रव देतात. युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके देणे २००६ पासून बंद केले. माणसांच्या उपचारात अखेरचा उपाय मानले जाणारे कोलिस्टिन हे औषध पशुपक्ष्यांच्या खाद्यात वापरायला भारत सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली. तेव्हा थैलीवर औषधाचे नाव आहे काय, ते विकत घेण्यापूर्वी वाचा आणि दुकानदाराला विचारा.

आणखी तीन गोष्टी वाचा. पहिली, खाद्याचा प्रकार. पिल्लांना 'स्टार्टर' हवे. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या 'लेअर' खाद्यात कवचासाठी कॅल्शियम तीन टक्क्यांहून अधिक असते. पिल्लांना एक टक्का पुरे, जास्त झाले तर मूत्रपिंडे बिघडतात. घरात लेअरची थैली आहे म्हणून तीच पिल्लांना घालणे चुकीचे. दुसरी, तयार केल्याची तारीख. साठवणीत जीवनसत्त्वे घटतात, तेल खवट होते, आणि सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो तेव्हा हे लवकर घडते. तिसरी, प्रथिनांचा आकडा.

मग करायचे काय?

पिल्लांमागे कोंबडी नसेल, तर पहिले सहा-आठ आठवडे समतोल स्टार्टर द्यावे, हे सर्वांत कमी धोक्याचे. पंचवीस पिल्ले या काळात जे खातात त्याचा खर्च, मेलेल्या पिल्लांच्या किमतीशी ताडून पाहा. सेंद्रिय खाद्य मिळत असेल आणि परवडत असेल तर जरूर घ्या. मात्र प्रमाणपत्राइतकाच प्रथिनांचा आकडाही पाहा. घरी मिश्रण करायचे असेल तर तेही जमते, पण ज्वारी आणि पेंडीबरोबर क्षार व जीवनसत्त्वांचे मिश्रण हवेच, आणि ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावे. मानमोडीच्या लसीची चौकशी त्याच फेरीत करावी. मान वाकडी होणे, पाय लुळे पडणे हे रोगानेही होते आणि जीवनसत्त्वाच्या अभावानेही. ते ओळखणे डॉक्टरांचे काम. आठ आठवड्यांनंतर प्रथिनांची गरज उतरते. मग ज्वारी वाढवा, पिल्ले आवारात सोडा. तेव्हा आजीची पद्धत तिच्या पूर्ण रूपात पुन्हा सुरू करता येते.

करून पाहा

१. घरी पिल्ले असतील तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी सकाळी दाणा घालण्यापूर्वी त्यांचे वजन करा. सरासरी काढून आलेख काढा. रेषा आडवी झाली, तर पिल्ले आजारी दिसण्याआधीच तुम्हाला सूचना मिळेल. तुलनेसाठी पिल्लांना मुद्दाम अपुरे खाद्य देऊ नका. समतोल असलेल्या दोन खाद्यांचीच तुलना करा.

२. गावातल्या दुकानांतून ज्वारी, सोयाबीन पेंड, शेंगदाणा पेंड आणि स्टार्टर यांचे दर आणा. प्रत्येकात एका रुपयाला किती ग्रॅम प्रथिन पडते ते काढा. स्वस्त वाटणारी वस्तू दर वेळी स्वस्त निघते का?

३. शेंगदाणा पेंडीत प्रथिने शेकडा ४० धरा. ज्वारीबरोबर तिचे शेकडा २० चे मिश्रण कोणत्या प्रमाणात होईल?

४. १०० किलो खाद्यात ३ किलो क्षार व जीवनसत्त्वे घालायची आहेत. त्यांत प्रथिन नाही. तर उरलेल्या ९७ किलोत ज्वारी आणि सोयाबीन पेंड किती घ्यावी, म्हणजे एकूण प्रथिने २० किलो भरतील?

(उत्तरे : ३. दोन भाग ज्वारी, एक भाग पेंड. ४. ज्वारी सुमारे ६७.६ किलो, पेंड सुमारे २९.४ किलो.)